न कळणाऱ्याची खुर्ची

आमच्या गावच्या वैद्यकीय विद्यापीठात माझ्या सहीशिवाय एकही नवी गोळी कुणाच्या तोंडात जात नाही.

आता बाकीच्या अकरा जणांच्याही सह्या लागतात, आणि माझी सगळ्यांत खाली असते, ते सोडा.

“पण तू तिथं करतोस काय?” मदारशा बाबांनी विचारलं.

विद्यापीठाच्या मागच्या भिंतीला लागून एक तकिया आहे. एक चिंच, एक पत्र्याची खोली, दोन-तीन जुन्या कबरी. बाबा तिथले फकीर. वय ऐंशीच्या पुढं. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो, कारण पुढच्या गेटासमोर माझं सायकलचं दुकान होतं. मेडिकलच्या पोरांच्या सायकलींची हवा मी सकाळी सोडायचो आणि दुपारी पैसे घेऊन भरायचो. त्यातली अर्धी पोरं आज प्रोफेसर आहेत. अजून मला बघितलं की चाकाकडं बघतात, मग ते मोटारीचं का असेना.

“बसतो,” मी म्हणालो. “वर पंखा, समोर बिस्किटं. उद्याही मीटिंग आहे.”

“बसायला बोलावतात?”

“नियम आहे, बाबा. माणसांवर नवं औषध तपासायचं तर आधी कमिटी बसते. मोठमोठे डॉक्टर. एक वकीलसाहेब, ते प्रत्येक पानात स्वल्पविराम घालतात. आणि एक माणूस असा लागतो की ज्याला त्यातलं काही कळत नाही. साधा माणूस. रोग्याला द्यायचा कागद आधी त्याला वाचायला देतात. त्याला कळला, तर रोग्याला कळेल, असं धरतात.”

“म्हणजे तुला कळत नाही म्हणून घेतलं.”

“अख्ख्या गावातून निवडून.”

बाबा हसले नाहीत. एरवी हसतात.

मी सहा महिन्यांनी आलो होतो. आधी आठवड्याला यायचो. कमिटीत गेल्यापासून जरा मोठा झालो होतो, वेळ मिळत नव्हता. म्हणजे वेळ भरपूर होता. सांगायला बरं वाटायचं की मिळत नाही.

“लतीफ कुठाय? चहा टाक म्हणावं.”

लतीफ बाबांचा चेला. साठीचा, कमी बोलणारा. अशा माणसाची गंमत करायला मला फार आवडतं. एकदा मी त्याच्या चहात मूठभर मीठ घातलं. त्यानं शेवटच्या घोटापर्यंत तो चहा संपवला. अरे, ओतून का नाही दिलास, म्हटलं, तर म्हणाला, “गेणूभाऊ, दिलेलं ओतायचं नसतं.”

“आहे इथंच,” बाबा म्हणाले, आणि स्वतः उठून चुलीपाशी गेले.

चिंचेच्या पलीकडं माती उकरलेली दिसली. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण एवढा ढीग दिसतो.

“काय बाबा, संडास बांधताय की काय?”

बाबांनी फुंकणी उचलली. लाकडं ओली होती...

“मला सांग,” ते धुरातून म्हणाले. “मी पण साधा माणूस. औषध तपासतात म्हणजे काय करतात?”

मी ह्याचसाठी तर आलो होतो. मांडी घालून बसलो.

“समजा, पायांची आग होते. साखरेच्या आजारात होते तशी.”

“लतीफसारखी.”

“लतीफसारखी. त्यावर नवी गोळी निघाली. उंदरांना दिली, सशांना दिली. कुणी तक्रार घेऊन आला नाही. आता माणसांना देऊन बघायची. शंभर माणसं घ्यायची. जुनं औषध शंभर जणांचं चालू. त्यावर पन्नासांना नवी गोळी, आणि पन्नासांना अगदी तशीच दिसणारी खोटी गोळी. आत नुसतं पीठ. कुणाला कोणती, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो.”

“माणसाला सांगतात, तुझी पिठाची?”

“नाही. देणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत.”

“ते का?”

“कळलं तर डॉक्टर खऱ्या गोळीवाल्याची दोनदा विचारपूस करील. आणि डॉक्टरनं दोनदा विचारलं की आपला माणूस तिथंच निम्मा बरा होतो. मग गुण गोळीचा की विचारपूस केल्याचा, कसं ओळखणार? म्हणून दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी. शेवटी पट्टी सोडायची आणि बघायचं, कोणते पन्नास जास्त बरे झाले.”

बाबांनी मान हलवली.

“हे बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण फसवल्यासारखं नाही का होत?”

“आधीच सांगतात ना. दोनातली एक मिळेल, कोणती ते आम्हालाही ठाऊक नाही, त्रास होऊ शकतो, झाला तर लगेच येऊन सांग. पटत असेल तर सही कर.”

“आणि नसेल पटत?”

“तर घरी जा. जुनं औषध आहेच.”

“सही केल्यावर नको वाटलं तर?”

“तरी जा. अगदी मधेच. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही. गोळ्या टेबलावर ठेवायच्या आणि चालू लागायचं. कुणी रागावणार नाही, दवाखाना बंद होणार नाही. अंगठा दिला म्हणजे काही लग्न लागलं नाही, बाबा.”

मला माझंच कौतुक वाटलं. हे मी इतकं सोपं कधीच सांगितलं नव्हतं. कमिटीच्या टेबलाशी तर नाहीच.

बाबांनी फुंकणी खाली ठेवली.

“शेवटचं परत सांग.”

मी सांगितलं.

“असं नाही. मोठ्यानं. तिकडं तोंड करून.”

त्यांनी चिंचेच्या पलीकडं बोट दाखवलं. मला वाटलं, लतीफ तिकडं सावलीला पडलाय, आणि आता त्याचे कानही गेले. मी उठलो. तोंडाशी हात धरले आणि बाजारात भाव पुकारावा तसा ओरडलो, “लतीफभाई, गोळी नको वाटली तर सोडून द्यायची. सही केली असली तरी. कुणाच्या बापाला घाबरायचं नाही. ऐकलं का?”

भिंतीपलीकडं विद्यापीठाच्या धोबीखान्यात वाफेची शिट्टी वाजली. बाकी काही नाही.

“झोपला वाटतं,” मी म्हणालो.

“हो.”

...

चहा उकळायला लागला होता.

“उद्या मीटिंग आहे म्हणालास,” बाबा म्हणाले. “कागद पिशवीत आहे?”

“चौदा पानी. ह्या वेळी दम्याची गोळी.”

“हे निघून जायचं त्यात लिहिलेलं असतं?”

“लिहावंच लागतं. नियम आहे.”

“वाच.”

मी चष्मा लावला. अकराव्या पानावर सापडलं. वाचलं, “सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, तिच्या प्रचलित उपचारांच्या हक्कास बाधा न येता, सहभागाविषयीची संमती प्रत्याहृत करण्याची मुभा अबाधित राहील.”

बाबांनी कान पुढं केला. अजून काही यायचं आहे असं त्यांना वाटलं असावं.

“हे तेच?”

“हे तेच.”

“गेल्या वर्षी पायांच्या आगीचा कागद होता, त्यातही असंच?”

“शब्दाला शब्द. टाइप करणारा तोच असेल.”

“तुला कळलं होतं तेव्हा?”

मी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता.

“त्या प्रत्याहृतचं मला नंतर सबनीसबाईंनी सांगितलं. जिन्यात. मागं घेणे.”

“नंतर म्हणजे?”

“सही झाल्यावर.”

“आणि टेबलाशी काय म्हणालास?”

ही गंमत मी गावभर सांगितलेली आहे. त्यांनाही सांगितली. डॉक्टर सबनीसबाई कमिटीचं काम बघतात. शिकत होत्या तेव्हा त्यांच्याही सायकलची हवा मी सोडलेली. त्यांनीच मला तिथं नेलं. नेताना म्हणाल्या, “तात्या, तुम्ही सगळ्यांची टर उडवता. आमच्या कागदांची उडवा. जिथं अडेल तिथं अडून बसा, कुणाची भीड धरू नका.” त्या दिवशी अकराव्या पानाशी मी अडलो होतो. बोट तिथंच होतं. बाईंनी विचारलं, “समजलं ना, तात्या?” अकरा जण माझ्याकडं बघायला लागले. सगळे शिकलेले, इस्त्रीचे. मी म्हणालो, “पाण्यासारखं. हवा भरली, चाक तयार आहे.” सगळे पोट धरून हसले. डीनसाहेबांनी बिस्किटांची बशी स्वतःच्या हातानं माझ्याकडं सरकवली.

“क्रीमची होती, बाबा.”

मी हसलो. एकटाच.

“त्या कागदावर लतीफनं अंगठा दिला,” बाबा म्हणाले.

“लतीफनं? मला बोलला नाही तो.”

“तू येत नव्हतास.”

...

“पोरगी होती डॉक्टरीण. चांगली होती. सगळी पानं वाचून दाखवली तिनं, आणि विचारलं, काका, काही शंका? हा म्हणाला, ह्या कागदाला आमचे गेणूभाऊ बसले होते. त्यांनी बघितलाय. शंका नाही.”

मी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“पंधरा दिवसांत ओकाऱ्या लागल्या. मी म्हटलं, सोड. म्हणाला, अंगठा दिलाय, सोडता येत नाही. म्हटलं, मग तिला सांग तरी. म्हणाला, तिनं भरवशानं दिलंय, तक्रार काय करायची. महिन्याच्या महिन्याला जायचा. बरं आहे म्हणून सांगून यायचा. गोळी ओकून पडली तर दुसरी घ्यायचा. पाच महिने.”

“त्याची पिठाचीच असेल कदाचित,” मी म्हणालो. “कोणती होती ते अजून उघडलेलं नाही, बाबा. ओकाऱ्या दुसऱ्याच कशाच्या असतील. पोटाचं काही असेल.”

“असेल.”

“तसंही होतं पुष्कळदा.”

“होत असेल. त्यानं सांगितलं असतं तर त्यांनी तपासलं असतं. आणि दार उघडं आहे हे कळलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं.”

मग बाबांनी कफनीच्या आत हात घातला आणि एक पिवळं कार्ड काढून माझ्या गुडघ्यावर ठेवलं. विद्यापीठाचं कार्ड. त्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. रोग्याचं नाव बाहेर फुटू नये म्हणून. हाही नियम आहे.

सत्तावीस.

हा आकडा मला माहीत होता. गेल्या महिन्यात टेबलाशी वाचला गेला होता. सहभागी क्रमांक सत्तावीस, मृत्यू राहत्या ठिकाणी, अशक्तपणा, औषधाशी संबंध असण्याची शक्यता कमी. बाईंनी एकेकाकडं बघितलं होतं. कुणाला काही विचारायचं आहे? माझं बिस्किट चहात बुडालेलं होतं, ते मोडून पडायच्या आत काढायचं होतं. मी मान हलवली. नाही, समजलं.

मी चिंचेकडं बघितलं. ढीग माणसाएवढा लांब होता. माती अजून बसली नव्हती. उशाला एक धोंडा, धोंड्यापाशी कान तुटलेला कप पालथा घातलेला. त्या कपातून तो चहा प्यायचा.

आल्या आल्या मी त्या मातीला काय म्हणालो होतो, ते मला आठवलं.

बाबांनी चहा गाळला. माझ्या हातात दिला, आणि समोर बसून राहिले. स्वतः घेतला नाही.

मी घोट घेतला.

खारट होता. मूठभर तरी असेल.

मी बाबांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, हलवलेही नाहीत... मी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. ओतून न देता शेवटपर्यंत गेलो. कप पालथा घातला.

“कळलं, बाबा,” मी म्हणालो.

बाबांनी उद्याची चौदा पानं गोळा केली, नीट जुळवली, माझ्या पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

“तिथंही हेच म्हणालास.”