बांबूनं सांगितलेलं पाणी

फार मागे, कौलं नि मीठ नदीवाटेच गावोगाव जायचं तेव्हाची गोष्ट. पश्चिमेच्या एका उथळ नदीत एक मालवाहू पडाव होता आणि त्याच्यावर पाण्याची खोली मोजायचा एक बांबू. बांबू दर वेळी तळाला टेकून यायचा, त्यामुळे खोटं बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

पौर्णिमेचं उधाण आलं. पाणी भरपूर म्हणून उस्मान तांडेलानं कौलांच्या चार थप्प्या जास्त चढवल्या.

बांबू पडावाला म्हणाला, "दादा, आज रुतलास तर सोडवायला याहून मोठं पाणी कुठनं येणार? उद्यापासून भरती उतरत जाणार."

"तुला मेल्या कायम तळच दिसतो!" पडाव खेकसला.

ऐन भरतीत तो वाळूच्या उंचवट्यावर चढला आणि तिथंच बसला. ओहोटी लागली. खालचं पाणी गेलं, वरचा भार राहिला, आणि पडावाचा कणा कडकन मोडला. तांडेलानं कौलं होड्यांतून नेली. जाताना इतरांना खूण म्हणून बांबू पडावाशेजारी रोवला.

पडाव रोज विचारी, "किती आलं रे?"

"कालच्यापेक्षा चार बोटं कमी," बांबू रोज खरं ते सांगे.

आठव्या दिवशी पडावाच्या फळ्या सुटू लागल्या. "आज?" त्यानं कसंबसं विचारलं.

भरती बांबूच्या पायापर्यंतही पोचली नव्हती.

"चढतंय, दादा. खूप चढतंय," बांबू म्हणाला.

आणि जन्मात पहिल्यांदाच पडावानं त्याचं म्हणणं खरं मानलं.