माळ्यावरचं हेड

घाटाखालच्या एका गावात तृप्ती नावाची एक आई राहत होती. काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मुलीला एक शिंक आली की ही थर्मामीटर शोधायला लागायची, आणि तो सापडेपर्यंत मुलगी अंगणात खेळायला गेलेली असायची. हे तिचं तिलाही ठाऊक होतं. म्हणून त्या रात्री झोप लागेना, तेव्हा तिने आधी स्वतःलाच दटावलं, की बाई, ही तुझी नेहमीची काळजी आहे, गप झोप. पण या वेळी काळजी एका लोखंडी ठोकळ्याची होती, आणि ती काही केल्या हलेना.

झालं होतं असं. तृप्ती घाटमाथ्यावरच्या शाळेत शिकवायची. रोज सकाळी सहा वर्षांच्या जुईला मागच्या सीटवर बसवून आपल्या जुन्या मोटारीतून ती घाट चढायची. एक दिवस त्या मोटारीच्या इंजिनचं हेड गेलं. हेड म्हणजे इंजिनच्या डोक्यावर घट्ट आवळून बसवलेला जाड लोखंडी भाग. त्याच्या आतून पाणी खेळतं, म्हणून इंजिन थंड राहतं. इतक्या जुन्या मोटारीचं नवं हेड कुठेच मिळेना.

तेव्हा तृप्तीचे वडील, जयवंत मिस्त्री, ज्यांना ती दादा म्हणायची, खुर्चीतून उठले. "कशाला हवंय नवं? आपल्या टॅक्सीचं हेड माळ्यावर आहे. एकाच जातीच्या गाड्या या."

टॅक्सीचं नाव निघालं आणि घर उजळलं. तीस वर्षं दादांनी ती चालवली होती, आणि घरामागच्या शेडमध्ये गावाच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. तृप्ती त्याच टॅक्सीतून बालवाडीत गेली. आत रेक्झिनचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास असायचा. उन्हात तापलेली सीट मांड्यांना चिकटायची. चढाला दादा "चल गं माझे आई" म्हणायचे, आणि टॅक्सी खरंच ऐकायची. ती भंगारात गेली त्याला बारा वर्षं झाली होती. जाताना दादांनी तिचं हेड तेवढं आठवण म्हणून ठेवून घेतलं, असं घरात सगळे धरून चालले होते. दादाही.

काम सोडल्यापासून बंद पडलेली शेड दादांनी उघडली. दोन वर्षांनी त्यांच्या हाताला ग्रीस लागलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. हेड पुसून ओट्यावर ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. "आमच्या टॅक्सीचं. उद्या बसवतोय."

तृप्तीची झोप उडाली ती इथे. दादांनी हेड पुसलं होतं, तपासलं नव्हतं. एरवी कुणी जुना भाग घेऊन आलं, की दादा तो पारखल्याशिवाय गाडीला लावत नसत. गिऱ्हाईक घाई करायचं, दादा ढिम्म. आता त्यांना विचारावं, तर वाटेल, मुलीचाही आपल्यावर भरवसा उरला नाही. न विचारावं, तर घाटात मागच्या सीटवर जुई.

सकाळी ती चहा घेऊन शेडमध्ये गेली. जुई मागोमाग होतीच. तृप्तीने वाक्य मनात चार वेळा घोळवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"दादा, साखर बरोबर आहे ना? आणि हेड तपासलंत का?"

दादांच्या हातातला पाना थांबला. "माझ्या हातचं आहे ते."

"हो, पण…"

"गॅस पेटवायच्या आधी तुला दूध उतू जायची काळजी! आता मला इंजिन शिकव."

"शिकवत नाही हो. एवढंच विचारते. हेच हेड दुसऱ्या कुणी आणलं असतं तर?"

दादांनी पाना खाली ठेवला. चहावर साय धरली. मग म्हणाले, "दुसऱ्याचं असतं तर आधी रॉकेलात बुडवलं असतं." आणि हेड पुढ्यात ओढून घेत, "जुई, तुझ्या पाटीचा खडू आण बघू."

हेड रॉकेलात भिजवलं. बाहेर काढून फडक्याने कोरडं केलं. दादांनी खडू ठेचला आणि त्याची पूड वरून भुरभुरली. हेड पांढरंशुभ्र झालं.

"भेग असली, तर तिच्यात मुरलेलं रॉकेल वर येतं," दादा जुईला म्हणाले. "लपत नाही."

तिघं उकिडवी बसून राहिली. काही निघू नये, माझंच हसं होऊ दे, असं तृप्ती मनात म्हणत होती.

पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. बघता बघता ती बोटभर झाली.

दादा त्या रेघेकडे पाहत राहिले, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे पाहावं तसे.

"अगं, ही तर तीच," ते हळूच म्हणाले. "तू चार वर्षांची होतीस. मामाकडे निघालो होतो. ह्या भेगेपायी घाटात इंजिनातलं पाणी उकळलं, गाडी बंद. नंतर मीच हे हेड उतरवलं, टॅक्सीला दुसरं बसवलं. भंगारात दिलं तर कुणीतरी रंग फासून विकेल, कुणाच्या तरी गळ्यात मारेल, म्हणून माळ्यावर टाकलं. चांगलं म्हणून नाही गं ठेवलं. वाईट म्हणून ठेवलं. आणि नेमकं तेच विसरलो."

तृप्तीलाही तो दिवस आठवत होता. पण तिच्या आठवणीत उकळतं पाणी नव्हतंच. गाडी थांबली होती, आईने पदरात करवंदं गोळा केली होती, आणि संध्याकाळपर्यंत तिघांच्याही जिभा जांभळ्या झाल्या होत्या. त्या टॅक्सीतला तिचा सगळ्यात लाडका दिवस तोच होता.

"मला वाटलं, मी उगाच विचारते," ती म्हणाली.

"उगाच मी चिडलो. बसवलं असतं, तर…" पुढचं त्यांनी गार चहाबरोबर गिळलं. "दुसरं शोधू. तेही असंच भिजवू. तोवर एस.टी. आहेच."

तृप्तीला वाटलं, आता जुईला काहीतरी शहाणपणाचं सांगायला हवं. ती शब्द जुळवत होती, तोवर जुईने उरलेला खडू आजोबांपुढे धरला.

"आजोबा, मग तेव्हाच ह्याच्यावर फुली का नाही मारलीत? आमच्या बाई तर लगेच मारतात."

तात्पर्य: आठवणीत वस्तू राहते, तिच्यातली भेग राहत नाही; म्हणून आपल्या हातची, जिव्हाळ्याची वस्तूही वापरण्याआधी परक्याची समजून तपासावी, आणि तपासा म्हणणाऱ्यावर रागावू नये.