कुलूप तुटेपर्यंतचा अवधी

एकदा एका पेठेच्या गावात दाजीबा नावाचे एक वृद्ध कुलूपकार राहत असत. पंचक्रोशीत त्यांच्या कुलपांचा लौकिक होता. रंभाजी नावाचा शिष्य नऊ वर्षे त्यांच्यापाशी ही विद्या शिकत होता.

एका कापडव्यापाऱ्याने घराच्या दारासाठी कुलूप मागितले. चोराने जन्मभर खटपट केली तरी उघडू नये, असे. रंभाजीने तीन महिने खपून ते एकट्याने घडवले. बोटभर जाडीची पोलादी कडी, आत पाच खिट्या. दाराला ते लावताना त्याचा ऊर अभिमानाने भरून आला.

"तुटणार नाही ना?" शेटजींनी विचारले.

"मुळीच नाही!" रंभाजी म्हणाला.

सोबत आलेल्या दाजीबांनी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि त्या दोघांदेखत त्या कुलपावर घाव घालायला सुरुवात केली. प्रत्येक घाव रंभाजीच्या बरगडीवर पडत होता. आत चुलीवर भाताचे पातेले चढले होते. भात शिजून उतरला, तेव्हा कुठे कडी तुटली.

शेटजी कडाडले, "हीच का तुमची कारागिरी?"

दाजीबांनी कपाळावरचा घाम पुसला. "शेटजी, माणसानं घडवलेलं माणूस तोडणारच. कुलूप चोराला कायमचं अडवत नाही, त्याला उशीर करतं. माझ्या शिष्यानं तुम्हाला भात शिजेपर्यंतचा अवधी दिलाय. एवढा अवधी मीही माझ्या उमेदीत कुणाला दिला नव्हता. पण इतका वेळ मी तुमच्या दारावर घाव घालतोय, आणि काय चाललंय म्हणून गल्लीतलं एक माणूस डोकावलं नाही. त्या अवधीत धावून येणारं कोण आहे तुम्हाला?"

शेटजींची मान खाली गेली. पन्हळीच्या पाण्यावरून भांडण होऊन समोरच्या भागूबाई कासारणीशी त्यांनी सात वर्षे अबोला धरला होता. इतरांशीही येणेजाणे उरले नव्हते.

त्याच संध्याकाळी ते भागूबाईंच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. "वहिनी, पन्हळ उद्याच वळवून घेतो. चूक माझीच होती."

"एवढं म्हणायला सात वर्षं लागली होय?" भागूबाई म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

रंभाजीने नवी कडी घडवून कुलूप पुन्हा दाराला लावले.

माघात शेटजींच्या घरची सगळी मंडळी लग्नाला परगावी गेली. भर दुपारी, गल्ली वामकुक्षीत असताना, दोन चोर दाराशी आले. ठणठण ऐकताच भागूबाई बाहेर आल्या. "कोण रे ते?" म्हणून त्यांनी जी आरोळी ठोकली, तिच्यासरशी घराघरांतून माणसे धावली. चोर हत्यारे टाकून पळाले.

वार्ता कळताच गुरुशिष्य तिथे पोहोचले. रंभाजीने कडीवरून बोट फिरवले. सहा खोल खाचा होत्या. कडी मात्र शाबूत होती.

"काय कुलूप म्हणायचं हे!" भागूबाई जमलेल्यांना सांगत होत्या. "आम्ही येईस्तोवर तग धरला त्यानं!"

रंभाजी हलकेच म्हणाला, "दाजीबा, त्या दिवशी तुमचा फार राग आला होता मला."

"यायलाच हवा होता. आपल्या कामावरचा घाव ज्याला लागत नाही, तो कारागीर कसला?" दाजीबांनी कोरणी त्याच्या हातात दिली. "आजवर आपल्या कुलपांवर माझं नाव जात होतं. यावर तुझं घाल."

त्या सहा खाचांच्या खाली रंभाजीने आपले नाव कोरले. गल्ली भोवती उभी राहून पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरही तोच अभिमान होता.