गोजरेच्या गुंतवळाची कहाणी

ऐका केशिणीबाई, तुमची कहाणी. बायांनो, वाती वळायच्या राहू द्या, तांदूळ मुठीत धरा आणि तुम्हीही ऐका.

आटपाट असं एक नगर. नगरात दिवाणाचं घर. कणग्या भरलेल्या, गोठा भरलेला, तुपाच्या घागरी भरलेल्या. रिकामं काय होतं? सुनेचं पोट.

सुनेचं नाव गोजरा. दिवाणीणबाई मुलगी बघायला गेली तेव्हा तिनं गोजरेची वेणी सोडून वितीनं मापली. केस गुडघ्याखाली गेले, तेव्हा कुठं होकार दिला. तोंडाकडे कुणी पाहिलं नाही. मग गोजरा सासरी आली. तिथं आधी पुरुष जेवत, मग पोरं, मग पाहुणे, मग सासू. सगळ्यांच्या मागून गोजरा भांडं खरवडी, खरवडीला मीठ लावी, पाण्याबरोबर गिळी. घरची रीत, असं सगळे म्हणत. रीत कसली मेली, उपासमार ती.

मग गोजरेला मुलगा झाला. साखर वाटली, बारसं केलं. बाळंतिणीसाठी हळिवाचे लाडू वळले, ते पाहुण्यांनी खाल्ले. बाळ पालथं पडायला लागलं आणि गोजरेचे केस गळायला लागले. विंचरताना गळले, न्हाताना गळले, उशीवर गळले. गळल्या केसांचं गुंतवळ ती बोटावर गुंडाळी, माहेरच्या लाल दोऱ्यानं बांधी, कोनाड्यात ठेवी. केस घेऊन सुया-मणी देणारी बाई दारावर आली की तिला द्यायचं. पण बघावं तेव्हा कोनाडा रिकामा. गोजरेला वाटलं, उंदीर नेत असतील.

इकडे सुनेची वेणी उंदराच्या शेपटीसारखी झाली, तिकडे सासूचा अंबाडा फुगत चालला. बाया म्हणत, "दिवाणीणबाई, या वयात एवढे केस?" सासू म्हणे, "केशिणीबाईची कृपा."

मग सासू गोजरेला म्हणाली, "केस बघून तुला आणली, आणि तू टक्कल दाखवतेस? केशिणीबाईचं शुक्रवारचं व्रत धर. उपास कर." पहिल्या शुक्रवारी गोजरेनं उपास केला, केस गळले. दुसऱ्या शुक्रवारी मीठ सोडलं, आणखी गळले. तिसऱ्या शुक्रवारी पाणीही सोडलं. मग दूध आटलं. बाळ छातीशी रडरड रडलं. त्याच दिवशी हळदीकुंकू होतं. सासूनं सुनेच्या केसांत सोन्याचं फूल खोचलं, ते घसरून बायांपुढं पडलं.

सासू म्हणाली, "येत्या शुक्रवारी सवाष्णी जेवायला येतील. त्या दिवशी फूल डोक्यावर ठरलं नाही, तर तू माहेरी चालती हो. बाळ इथं राहील."

मग गोजरा उठली, नदीकाठी केशिणीबाईच्या देवळात गेली, खांबाला टेकून रडायला लागली. केशिणीबाईनं म्हातारीचं सोंग घेतलं. केस जमिनीला लागलेले, काखेत सुया-मण्यांची झोळी. म्हणाली, "मुली, का रडतेस?"

"आजी, व्रत केलं तरी केस गेले. आता लेकरूही जाईल."

"काय केलंस व्रतात?"

"उपास केला, अळणी खाल्लं, निर्जळ राहिले."

म्हातारी तापली. देवळातली घंटा आपोआप वाजली. "अंगावर पाजणाऱ्या आईला माझ्या नावावर उपाशी ठेवलं? मी कधी मागितलं असलं व्रत? केस काय मी वरून चिकटवते? ते खाल्ल्या अन्नातून येतात. आणि तुझा राग कुठं ठेवलास गं?"

गोजरा म्हणाली, "कोनाड्यात. गुंतवळाबरोबर."

"मग तोही चोरीला गेला असेल. तुझ्या दारावर मी तीनदा आले, मला एक केस मिळाला नाही."

गोजरेनं डोळे पुसले. म्हणाली, "आजी, मला खरा वसा सांगा."

"वसा कशाला? उतशील, मातशील."

"उतणार नाही, मातणार नाही..."

"ते नको म्हणूस. म्हण, उपाशी निजणार नाही, खरवड खाणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

गोजरेनं म्हटलं. मग म्हातारीनं वसा सांगितला. "रोज भरल्या पानावर बसावं. नाचणीची भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण, वर तूप. हळिवाचा लाडू स्वतः खावा. शुक्रवारी कोमट तेल हळू चोळावं, शिकेकाईनं न्हावं. ओले केस ओढून विंचरू नयेत, वेणी आवळून घालू नये. बाळंतिणीचे गेलेले केस येतात, पण सवडीनं येतात. घाई करेल त्याला माझ्याकडे पाठव."

मग शुक्रवार आला. सवाष्णी आल्या, पानं मांडली. गोजरा काय करती झाली? आपला पाट सगळ्यांत आधी ठेवला, पान वाढून घेतलं आणि जेवायला बसली. केस मोकळे, फूल फळीवर.

सासू म्हणाली, "ऊठ." गोजरा म्हणाली, "उठणार नाही." सासू म्हणाली, "पुरुष जेवायचेत, ऊठ." गोजरा म्हणाली, "जेवतील मागून." सासू म्हणाली, "बाळ ठेवून घेईन, ऊठ." गोजरेनं घास तोंडात घातला.

मग सासूनं वाकून तिचं पान ओढलं. वाकली तशी तिचा अंबाडा सुटला आणि गोजरेच्या पानात पडला. गंगावन होतं ते, खोट्या केसांचा झुबका. डोक्यावर उरला चार केसांचा बोटभर शेंडा. आणि झुबक्याला जागोजाग लाल दोऱ्याच्या गाठी.

गोजरेनं गाठी ओळखल्या. म्हणाली, "सासूबाई, माझ्या तोंडचं अन्न घेतलंत, त्यानं केस गेले. गेलेले केसही घेतलेत. आता पोर मागता?"

सवाष्णी खाली बघायला लागल्या. सासू मटकन बसली. म्हणाली, "मला तरी कुणी वाढलं होतं? माझी सासू भांडं खरवडून मगच माझ्या हातात द्यायची."

"मग तुम्हांला भूक ठाऊक होती," गोजरा म्हणाली. "ठाऊक असून मला दिलीत."

गोजरेनं गंगावन बाजूला केलं. दुसरं पान मांडलं, भाकरी वाढली, तूप वाढलं. म्हणाली, "जेवा. मी रागावलेलीच आहे. पण जेवा." दिवाण आला, त्याचा लेक आला. दाराशी उभे राहिले, बायांची जेवणं होईपर्यंत उभेच राहिले.

गोजरेनं वसा टाकला नाही. दूध परत आलं. पुढच्या श्रावणात कपाळावर बारीक नवे केस उभे राहिले. सासूचे मात्र आले नाहीत. फार वर्षांची भूक होती ती. सासू डोक्यावर पदर घेऊन वावरू लागली, पण पोटभर जेवून वावरू लागली. गोजरेचा राग गेला का? नाही गेला. एके दिवशी बाळानं तिच्या केसांत मूठ घातली आणि ओढली. बाळाच्या मुठीत एकही केस आला नाही.

जशी केशिणीबाई गोजरेसाठी कोपली आणि पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्या घरात सून मागून खरवडते, त्या घरावर आधी कोपो, मग पावो. साठां उत्तरांची कहाणी पांचां पेडांत गुंफली, इथं गाठ मारली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. उठा बायांनो, आधी आपली पानं मांडा.