मोकळ्या लहरींवरचा आवाज

एकदा एका वृद्ध शास्त्रज्ञ बाईंकडे सुहृद नावाचा तरुण उपग्रह-संदेशवहनाचे शास्त्र शिकत होता. बाईंचे नाव इरावतीबाई. अवकाशातून संदेश नेणाऱ्या लहरींचे पट्टे, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ज्याच्या त्याच्या नावे राखलेले असतात; मालक गप्प असला की पट्टा नुसताच पडून राहतो, याची सुहृदला खंत वाटे. म्हणून त्याने एक शहाणा रेडिओ घडवला. तो आधी कान देई, पट्टा मोकळा असेल तरच बोले.

मच्छीमारांच्या संघाने आपला पट्टा मोकळ्या वेळी वापरण्यास विश्वासाने दिला होता. एका सकाळी डोंगरातल्या दवाखान्यातून तान्ह्या बाळाच्या हृदयाची चित्रे शहरातील डॉक्टरांकडे पाठवायची होती. पट्टा शांत होता. चित्रे भराभर जाऊ लागली. सुहृदचा चेहरा उजळला.

इतक्यात इरावतीबाईंनी हात पुढे करून प्रक्षेपण बंद केले.

“बाई, अहो, हे काय! पट्टा मोकळा आहे, आणि तिकडे बाळाला धाप लागलीये!”

“ठाऊक आहे रे. पण जरा ऐक.”

रेडिओच्या पडद्यावर आधी काहीच नव्हते. मग एक क्षीण संदेश उमटला. मच्छीमारांच्या एका होडीतून कुणीतरी तो पुन्हा पुन्हा पाठवत होते : ‘इंजिन बंद. पाणी आत येतंय.’

बाईंनी बचावपथकाला फोन लावला. “तू दुसरा पट्टा शोध,” त्या म्हणाल्या. तो लगेच सापडला. उरलेली चित्रे त्यावरून गेली.

दुपारी होडी किनाऱ्याला आणल्याचे कळले. संध्याकाळी बाळाला औषध लागू पडल्याचा निरोप आला. तेव्हा कुठे सुहृद रडला.

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तुझा रेडिओ बोलण्याआधी ऐकत होता, बाळा, बोलताना मात्र नाही. आपला आवाज मोठा, होडीचा बारीक. उपग्रहापाशी दोन्ही एकदम पोचले की बारीक आवाज बुडतो, आणि आपल्याला वाटतं, कुणीच नाही. दुसऱ्याच्या जागेत बोलणाऱ्यानं मधूनमधून थांबायला हवं.”

सुहृदने रेडिओला तसे थांबायला शिकवले. वेग थोडा उणावला.

“चालेल ना, बाई?” त्याने विचारले.

त्यांनी आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली. दोघेही पडद्याकडे पाहत, शांतपणे कान देऊन बसले.