पाचांच्या खणात शिरलेला स्क्रू

फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका इस्पितळात टायटॅनियमचे स्क्रू राहत. शुद्ध धातूचे ते दोन नंबरचे, जरा मऊ. मिश्रधातूचे ते पाच नंबरचे, दुपटीहून बळकट. मांडीच्या हाडाचा मान पाचांचाच. ते पाहून एका दोन नंबरी स्क्रूचा जीव सारखा तळमळे. शेवटी तो गुपचूप पाचांच्या खणात जाऊन बसला.

एके दिवशी माडावरून पडून मांडीचं हाड मोडलेल्या बाबलला टेबलावर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी नेमका तोच स्क्रू उचलला. स्क्रू हरखून गेला. तेवढ्यात कमरेखाली बधिर केलेला बाबल म्हणाला, "बाई, हा स्क्रू पाय धरून ठेवील ना माझा? मला परत माडावर चढायचंय."

आता कुठे स्क्रूनं बाबलकडे नीट पाहिलं. 'एवढा गडी मला पेलेल?' बाई त्याला आवळू लागल्या, तसं त्यानं मुद्दाम अंगच सोडून दिलं. डोक्यावरची खाच पार झिजली.

"अगं बाई, हा मऊ इथे कसा आला?" म्हणत बाईंनी त्याला काढून टाकलं आणि पाच नंबरचा लावला. हाड पक्कं बसलं.

टाकाऊ वस्तूंच्या भांड्यात पडूनही स्क्रूला चैन नव्हतं. नंबराची फिकीर मात्र कुठल्या कुठे गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक चिमट्याला, कात्रीला तो एकच विचारत होता, "बाबल चालायला लागला का हो?"