शिंग फुंकणाऱ्याचं पोट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरं माणसांशी बोलत आणि माणसं अधूनमधून त्यांचं ऐकतही.

एका डोंगरावर एक गाव होतं. गावाच्या चहूअंगांनी कमरेइतकं गवत. वैशाख लागला की ते गवत वाळून खडखडीत होई आणि वारा पिसाटल्यासारखा सुटे. पूर्वी कधीतरी कुणाच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि अर्धं गाव जळून गेलं. तेव्हापासून गावाने एक रीत पाळली. वाऱ्याच्या त्या महिन्यात कुणीही चूल पेटवायची नाही. भाकरी नाही, आमटी नाही. भिजवलेले हरभरे, मोड आलेले मूग, काकड्या, ओलं खोबरं, शेंगदाणे, आंबे, जे खायचं ते कच्चंच खायचं.

गावाच्या वर टेकाडावर एक राखणदार बसे. पलीकडच्या डोंगरावर वणव्याचा धूर दिसला की त्याने शिंग फुंकायचं. मग सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन धावे आणि आग ओढ्यापलीकडेच झोडपून काढे. ते शिंग फुंकणं येरागबाळ्याचं काम नव्हतं, त्याला बेंबीच्या देठापासून दम लागे. राखणदाराचा आजा ते फुंकत असे, बाप फुंकत असे. आता हा फुंकायचा, आणि असा फुंकायचा की दरीतले मोर दचकत. शिंगावर त्याचा फार जीव होता. तेवढाच जीव खाण्यावरही होता, काय करणार!

एरवी त्याचं खाणं बेताचं असे. तव्यावरून भाकरी एकेक येते. दुसरी येईपर्यंत पहिलीची चव कळते, पोट काय म्हणतं तेही कळतं. पण वाऱ्याच्या महिन्यात बायको टोपली भरून द्यायची, आणि टोपलीला थांबणं ठाऊक नसतं. हा टेकाडावर बसून मूठ मूठ हरभरे तोंडात टाकी. दोनदा चावले न चावले की गिळून मोकळा. वर काकडी, वर खोबरं, वर आंबा.

"अहो, जरा दमानं," बायको म्हणे. "पोट आहे का पोतं?"

"अगं, कच्चं तर आहे सगळं," तो हसून म्हणे. "ना तेल, ना तूप. ऋषीमुनी हेच खायचे. याने कुणाला काही होतं का?"

होत होतं. दुपार कलली की त्याचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगे. करपट ढेकर येत, कळा येत. बायकोने दिलेली ओव्याची पुडी तो चावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली रिकामी करी.

टेकाडावर त्याच्यासोबत त्याची म्हातारी गाय चरत असे. तिचं नाव पोवळी. एका दुपारी पोट धरून लोळता लोळता तो तिला म्हणाला, "पोवळे, तू जन्मभर कच्चंच खातेस. तुझं कसं पोट फुगत नाही?"

"फुगतं की," पोवळी म्हणाली. "एका साली कोवळा पाला अधाशासारखा खाल्ला आणि मरायला टेकले होते. तुझ्या बापानं तेल पाजलं म्हणून वाचले. तेव्हापासून घाई करत नाही. सकाळी चरते, आणि मग अर्धा दिवस बसून तेच पुन्हा चावते. तू तर चरतोस गाईसारखा आणि गिळतोस अजगरासारखा. खाल्लेलं परत तोंडात आणून चावायची सोय देवानं तुला दिलेली नाही, बाबा. तेव्हा पहिल्याच खेपेला चाव. आणि थोडी भूक असताना टोपली बाजूला सार."

"बरोबर बोललीस," राखणदार म्हणाला. "उद्यापासून असंच."

तुम्ही ओळखलंच असेल. पालथ्या घड्यावर पाणी! उद्या आला आणि टोपली पुन्हा तळापर्यंत गेली. उलट त्या दिवशी हरभरे चांगले भिजले होते म्हणून त्याने खाली निरोप धाडला, अजून एक टोपली घेऊन ये.

आणि नेमका त्याच दुपारी पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला. बघता बघता त्याची रेघ ओढ्याकडे सरकू लागली.

राखणदार उठला. उठताना कळ आली, तरी त्याने शिंग ओठांना लावलं आणि श्वास घ्यायला गेला. श्वास छातीतच अडला. पोट वर सरून बसलेलं, खाली जायला वाट कुठली! त्याने जीव खाऊन फुंकलं. शिंगातून नुसतं फुस्स झालं. पुन्हा फुंकलं, पुन्हा फुस्स. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खाली गावात बायका मूग निवडत बसल्या होत्या, पोरं सावलीत खेळत होती. त्याला ती वरून दिसत होती. त्याला रडू फुटलं.

दुसरी टोपली घेऊन बायको वर आली ती हे बघतच. तिने टोपली तिथेच टाकली आणि शिंग हिसकून घेतलं. त्या शिंगाला आजवर कुठल्या बाईने हात लावला नव्हता. तिचा पहिला सूर चिरका निघाला, दुसरा फाटका, तिसरा मात्र दरीत घुमला. गाव धावलं.

घरं वाचली, माणसं वाचली. पण उशीर व्हायचा तो झाला होता. ओढ्याकाठी रचलेल्या गवताच्या सगळ्या गंजी जळून राख झाल्या. वेशीपर्यंतचं उभं गवतही गेलं. पाऊस येईपर्यंतचा चारा संपला.

संध्याकाळी पारावर सगळे जमले. गावच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय झालं रे? दम संपला?"

"दम होता, आबा," राखणदार मान खाली घालून म्हणाला. "पण मी त्याला जागाच ठेवली नव्हती."

म्हाताऱ्याने शिंग उचललं आणि राखणदाराच्या बायकोच्या हातात दिलं. राखणदाराला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

चाराच नाही म्हटल्यावर गावाने आपली गुरं खालच्या मुलखात धाडायचं ठरवलं. पोवळीलाही जावं लागलं. इतक्या लांबच्या वाटेवरून ती म्हातारी परतणार नाही, हे राखणदाराला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. वेशीपर्यंत तो तिच्या मानेवर हात ठेवून चालला.

"पोवळे, तू सांगितलं होतंस गं," तो म्हणाला. "मी ऐकलंही होतं."

"ऐकलं होतंस खरं," पोवळी शांतपणे म्हणाली. "पण बाबा, ऐकलेलंही चावावं लागतं. तू तेही हरभऱ्यासारखं सबंध गिळलंस."

एवढं बोलून ती इतर गुरांमागून उतरणीला लागली. राखणदार धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग घरी आला. बायकोने पुढे टोपली ठेवली. त्याने टोपलीतून ओंजळभर हरभरे द्रोणात घेतले, टोपली तिच्याकडे सारली आणि एकेक दाणा चावून खाऊ लागला.

म्हणून म्हणतात, अन्न कच्चं असो की शिजलेलं, सावकाश चावून खावं आणि पोटात श्वासापुरती जागा ठेवून उठावं.